माळ्यावरच्या बाटल्यांसाठी एक जागा द्या

मा. नगराध्यक्ष आणि मा. मुख्याधिकारी,
मलकापूर नगरपरिषद, ता. कराड, जि. सातारा
यांस,

दसरा काढायचे दिवस तोंडावर आले आहेत. घराघरांतली भांडी, वाकळा, गाद्या बाहेर निघतील, कोयनेच्या काठावर धुणी पडतील आणि वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असलेलं सामान खाली येईल. त्या सामानात काही घरांत तपकिरी काचेच्या बाटल्या निघतील, पत्र्याचे गंजके डबे निघतील, पांढऱ्या पावडरीच्या गाठी झालेल्या पुड्या निघतील. हे पत्र मी त्या बाटल्यांसाठी लिहिते आहे. त्या तुमच्या घंटागाडीत जायला नकोत, गटारात ओतायला नकोत आणि पुन्हा माळ्यावरही चढायला नकोत. मग त्या न्यायच्या कुठे, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे.

मी आगाशिवनगरात राहते. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, कराड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी फोटो स्टुडिओ चालवायचे. पुढे रस्त्याकडेला स्टुडिओ, मागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये जिन्याखाली सहा बाय पाच फुटांची डार्करूम. लग्नाचे, बारशाचे, दहावीच्या फॉर्मचे, सोसायटीच्या कर्जाच्या कागदांना लागणारे असे हजारो फोटो त्या जिन्याखाली धुतले गेले. पुढे रंगीत फोटो आले आणि धुण्याचं काम मोठ्या शहरांतल्या कलर लॅबकडे गेलं. मग डिजिटल कॅमेरा आला आणि 2000 नंतरच्या चार-पाच वर्षांत आमचा तांबडा दिवा कायमचा विझला. ट्रे भंगारात गेले, एन्लार्जर कोणीतरी हौसेने नेला. रसायनं मात्र कोणी नेली नाहीत. भंगारवाला ती घेत नाही, नवा फोटोग्राफर ती ओळखत नाही आणि घरच्यांना ती टाकवत नाहीत, कारण चिठ्ठीवर वडिलांचं अक्षर असतं.

ही गोष्ट एकट्या माझ्या माहेरची नाही. कराड, मलकापूर, उंब्रज, विटा, तासगाव, पलूस, ज्या ज्या गावाला आठवड्याचा बाजार भरतो त्या गावाला एक तरी जुना स्टुडिओ होता. स्टुडिओ बंद झाले, मुलं नोकरीला पुण्या-मुंबईला गेली, कुटुंबं मलकापुरात हायवेच्या कडेने फ्लॅट घेऊन आली आणि येताना त्या बाटल्याही घेऊन आली. मी स्वतः तशाच आणल्या आहेत.

माझ्या हातून झालेली चूक आधी सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला हक्क नाही. मी बत्तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेत बाटलीवर नाव नसेल तर मुलांना बाहेर उभं करणारी मी बाई. अण्णा गेल्यावर भावाला सोबत घेऊन ते घर आवरत होते. सकाळी कचऱ्याची गाडी आली आणि गडबडीत मी एक पोतं तिच्यात द्यायला सांगितलं. पोत्यात काय काय आहे हे मी पुरतं पाहिलंच नव्हतं. तळाशी ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडची अर्ध्या लिटरची बाटली होती. गाडीवरच्या पोराने जागा करायला पायाने पोतं दाबलं आणि आतून काच फुटल्याचा आवाज आला. त्याच्या पायात साधी स्लीपर होती. नाकातोंडात जाणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा तो व्हिनेगरसारखा वास मी शंभर बाटल्यांतून ओळखला असता. त्याला ओढत अंगणातल्या नळाखाली नेलं आणि वीस मिनिटं त्या पायावर पाणी सोडत राहिले. घोट्याजवळची कातडी पांढरी पडली होती, नंतर तिथे फोड आले. दवाखान्यात नेलं, पोरगा आठवड्याभरात बरा झाला, पण पाच रुपयांच्या नाण्याएवढा डाग राहिला. पुन्हा भेटला तेव्हा रागाने नव्हे, अगदी साधेपणाने म्हणाला, ‘‘बाई, पोत्यावर कायतरी लिवून तरी द्यायचं की.’’

त्या दिवसानंतर उरलेल्या बाटल्या मी टाकायच्या थांबवल्या आणि नीट ठेवायला शिकले. रसायनशास्त्र शिकवणं वेगळं आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत रसायनं सांभाळणं वेगळं.

डार्करूममध्ये मुळात तीनच पाणी लागतात. फोटो उठवणारा डेव्हलपर, त्याला जागच्या जागी थांबवणारा आम्लाचा स्टॉप बाथ आणि फोटो पक्का करणारा फिक्सर, ज्याला सगळे स्टुडिओवाले हायपो म्हणतात. हायपोमध्ये चांदीचे क्षार विरघळतात, हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1819 सालीच नोंदवलं होतं. फोटोग्राफी जगापुढे आली 1839 साली आणि तिला टिकाऊ करणारं रसायन त्याच्या वीस वर्षं आधीच सापडलेलं होतं. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत फोटो पक्का करायला काही जण चक्क पोटॅशियम सायनाइड वापरत. त्या मानाने अण्णांच्या पिढीची रसायनं सौम्य होती, पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

अण्णा डेव्हलपर घरीच बनवायचे. डी-76 चं माप त्यांनी डार्करूमच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलं होतं: लिटरभर पाण्याला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम, टाकणखार 2 ग्रॅम. मेटॉल ऐकायला जेमतेम दोन ग्रॅम, पण त्यानेच अण्णांचा उजवा हात खाल्ला. ते चिमटा न वापरता बोटांनीच कागद उलटायचे. चाळिशीनंतर त्यांच्या बोटांची सालं निघायला लागली, पेरांना भेगा पडल्या, नखं तपकिरी झाली. लसणाची चटणी भेगांत झोंबायची म्हणून आमचे अण्णा भाकरी डाव्या हाताने मोडायचे आणि आमटी चमच्याने खायचे. पाहुण्यांना वाटायचं, फोटोग्राफर म्हणून साहेबी आलीय. मेटॉलची ॲलर्जी एकदा अंगात बसली की नंतर त्याचा थोडा स्पर्शही पुरतो. रबरी हातमोजे गावात मिळत होते, महागही नव्हते. कोणी सांगितलं नाही, एवढंच.

घरात ठेवण्याच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा धोका या रसायनांच्या जहालपणात नाही, त्यांच्या दिसण्यात आहे. हायपोचे खडे हुबेहूब खडीसाखरेसारखे दिसतात. सल्फाइट आणि पोटॅशियम ब्रोमाइड मिठासारखं, टाकणखार पिठीसाखरेसारखा. निगेटिव्ह फिकट करायला वापरतात ते पोटॅशियम फेरीसायनाइड माणकासारखं लाल, आणि पोटॅशियम डायक्रोमेटचे खडे जिलबीसारखे नारिंगी. हवा लागून बिघडलेला डेव्हलपर तर कोऱ्या चहाच्या रंगाचा होतो. त्यात आपल्या लोकांना रिकामी बाटली आणि रिकामा डबा टाकवत नाही. बोर्नव्हिटाच्या डब्यात हायपो, सरबताच्या बाटलीत डेव्हलपर, हे मी कितीतरी स्टुडिओंत पाहिलं आहे आणि आमच्याही घरी ते होतं. माझ्या भावाने पाच वर्षांचा असताना डार्करूमच्या फळीवरून हायपोचा एक खडा उचलून तोंडात टाकला. खारट-कडू लागला म्हणून थुंकला आणि आईकडे रडत गेला. हायपो फारसं विषारी नाही, त्यामुळे पोरगं वाचलं म्हणण्याइतकंही काही झालं नाही. पण त्याच फळीवर हातभर अंतरावर डायक्रोमेटचा डबा होता. ते पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करतं, आणि त्याची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर कर्करोग होतो. त्या दिवशी माझ्या आईने डार्करूमला बाहेरून कडी आणि कडीला कुलूप घातलं. घरात रसायनं सांभाळण्याचा पहिला शहाणा नियम आमच्याकडे तिने केला, सातवी शिकलेल्या बाईने.

तेव्हा खाण्यापिण्याच्या भांड्यात रसायन नको आणि रसायनाच्या भांड्यात पुन्हा खाणं नको. स्वयंपाकघरातला मापाचा पेला एकदा डार्करूममध्ये गेला की तो तिथलाच झाला. बाटलीवर नाव हवं, तेही पूर्ण, मराठीत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि कामाला येणाऱ्या बाईला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. मूळ कंपनीचं लेबल असेल तर ते काढू नका. तयार केल्याची तारीख हवी. माझ्याकडच्या एका बाटलीवर अण्णांनी फक्त ‘ह’ लिहिलं आहे. ते हायपो आहे की हायड्रोक्विनोन? अण्णांना ठाऊक होतं, म्हणून त्यांना तेवढं अक्षर पुरलं. मी रसायनशास्त्राची शिक्षिका, पण ती बाटली मी उघडली नाही. तिच्यावर ‘ओळख पटलेली नाही’ अशी चिठ्ठी लावून ती वेगळी ठेवली आहे. वास घेऊन ओळखायचा मोह कोणीही करू नये.

आता जागा कुठली, हा प्रश्न. आपल्या मुलखात त्याचं उत्तर पुण्या-मुंबईसारखं देता येत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तेव्हापासून ही जमीन अधूनमधून हलते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या पहाटे अण्णांच्या डार्करूममधली वरची फळी अख्खी खाली आली होती. फळीवर तेव्हा सुदैवाने कागदाची पाकिटं जास्त आणि बाटल्या कमी होत्या. उंच फळीवरची काचेची बाटली धक्क्याने पडते, आणि हात वर करून काढताना निसटली तर थेट तोंडावर येते. म्हणून माळा नको, उंच फळी नको. मग जमिनीवर ठेवावं का? तर 2005, 2019 आणि 2021 चे पूर आठवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तळमजले बुडाले, दुकानांतला माल पाण्याबरोबर गेला. त्या पाण्यात कुठल्या कुठल्या बाटल्या मिसळल्या असतील, ते कोणी विचारलंही नाही. मला अनुभवाने पटलेली जागा म्हणजे गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली, भिंतीला खिळवलेलं, कुलपाचं कपाट, आणि त्यात प्रत्येक बाटली प्लॅस्टिकच्या खोलगट ट्रेमध्ये उभी. बाटली फुटली तरी ट्रेमध्येच सांडेल. आम्लाचा ट्रे वेगळा, बाकीच्यांचा वेगळा.

पत्र्याखालचा माळा तर अजिबातच नको. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडचा स्वभाव विचित्र आहे. ते 16.6 अंशांखाली बर्फासारखं गोठतं. आमच्याकडे पौषातल्या थंडीत ती बाटली सकाळी दगड झालेली असायची आणि अण्णा तिला उन्हात ठेवून मऊ करायचे. तेच आम्ल 40 अंशांच्या आसपास अशी वाफ सोडतं की ठिणगी मिळाली तर ती पेट घेते. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली किती तापतं, हे तुम्हाला सांगायला नको. ज्यांना अजून फोटो धुवायचे आहेत त्यांनी ते पातळ करून ठेवावं, आणि पातळ करताना आम्ल पाण्यात ओतावं, पाणी आम्लात नव्हे.

बाथरूमबद्दल मुद्दाम लिहिते, कारण बहुतेक हौशी लोकांची डार्करूम म्हणजे घरचं बाथरूमच असतं. तिथे संडास धुवायच्या ॲसिडची बाटली असते, ब्लीचिंगची पावडर असते. हायपोवर ते ॲसिड सांडलं तर सल्फर डायऑक्साइड निघतो. फटाक्यांच्या धुराने घसा जसा आवळतो तसा, त्याहून वाईट. दम्याच्या माणसाला तो दवाखान्यात पोचवू शकतो. फिक्सर आम्लधर्मी असतो, त्यात ब्लीच मिसळलं तर क्लोरीन निघतो. आणि त्या लाल फेरीसायनाइडवर तीव्र आम्ल पडून ते तापलं, तर त्यातून सायनाइडचा वायू सुटू शकतो. एरवी तेच फेरीसायनाइड बऱ्यापैकी शांत असतं. म्हणजे प्रश्न शेजाराचा आहे. शेजारी कोण ठेवला यावर त्याचं वागणं ठरतं.

डेव्हलपर हवेने मरतो. गच्च भरलेली, बूच घट्ट असलेली डी-76 ची बाटली सहा महिने टिकते, अर्धी भरलेली जेमतेम दोन. अण्णा बाटलीत काचेच्या गोट्या टाकून पाण्याची पातळी गळ्यापर्यंत आणायचे. आमच्या घरातल्या निम्म्या गोट्या त्यात गेल्या म्हणून भाऊ भांडायचा. हे मी एवढ्यासाठी सांगते की वीस वर्षांपूर्वीचा डेव्हलपर कुठल्याही हौशी माणसाच्या कामाचा उरलेला नाही. ‘कोणीतरी वापरेल’ म्हणून तो जपून ठेवणाऱ्यांनी तो भ्रम सोडावा.

त्याच कपाटात निगेटिव्ह असतील तर त्या आजच बाहेर काढा. आम्लाच्या वाफेने त्या लवकर कुजतात. 1950 च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या निगेटिव्ह असतील तर जास्त काळजी घ्या, कारण त्या काळची काही फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. ती पेटली की जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो, पाण्याने विझत नाही. पुण्यात जुन्या ‘प्रभात’च्या आवारात, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, 8 जानेवारी 2003 रोजी नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि आपल्या मूक आणि सुरुवातीच्या बोलपटांची हजारो रिळं गेली. सरकारी कोठारात हे झालं. आपल्या माळ्यावर तर आजोबांच्या निगेटिव्ह टर्पेंटाइनच्या डब्याशेजारी असतात.

हे सगळं घरच्यांनी करायचं. मलकापूरच्या लोकांना सांगितलं तर ते करतील, याची मला खात्री आहे. पण ‘नीट ठेवा’ एवढंच सांगून भागत नाही. किती वर्षं नीट ठेवायचं? माझी सत्तरी जवळ आली आहे. माझ्यानंतर ते कपाट माझी सून उघडेल.

साहेब, 2016 साली केंद्र सरकारचे घनकचरा व्यवस्थापनाचे नियम आले. त्यात घरगुती घातक कचऱ्याची नावं दिली होती: रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, पाऱ्याचे फुटके थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या. हा कचरा घेण्यासाठी शहरात दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याहून लहान भागालाही एक केंद्र असावं, त्याच्या वेळा जाहीर कराव्यात आणि तो सुरक्षित विल्हेवाटीसाठी पुढे पाठवावा, ही जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती. मलकापूर केवढं आहे? एक केंद्र पुरेल. त्याच वर्षीच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत एक्स-रे फिल्म धुतलेल्या चांदीयुक्त पाण्याचं नाव घेऊन लिहिलं आहे की आधी त्यातलं काढण्यासारखं काढून घ्या, मग त्यावर प्रक्रिया करा, त्याशिवाय सांडपाण्यात सोडू नका. एक्स-रेचं ते पाणी आणि अण्णांच्या ट्रेमधलं पाणी यांत नावापुरताही फरक नाही. दवाखान्यातून निघालं की ते घातक, आणि जिन्याखालून निघालं की मोरीत ओतायचं, हे मला शिक्षिका म्हणून मान्य होत नाही.

वापरलेल्या हायपोबद्दल मला तुमचं लक्ष विशेष वेधायचं आहे. नवा हायपो साधा क्षार आहे, पण वापरलेल्या हायपोत निगेटिव्हवरची आणि कागदावरची चांदी उतरलेली असते, लिटरमागे दोन-चार ग्रॅम सहज. ती विरघळलेली चांदी सेप्टिक टँकमधल्या, ओढ्यातल्या, नदीतल्या सूक्ष्म जीवांना घातक असते. अण्णा जुना हायपो एका प्लॅस्टिकच्या बादलीत साठवायचे आणि त्यात भांडी घासायची बारीक लोखंडी घासणी सोडून ठेवायचे. लोखंड विरघळायचं आणि त्याच्या बदल्यात चांदी काळ्या गाळासारखी तळाशी बसायची. तो गाळ दिसायला चुलीतल्या काजळीसारखा. खानापूर-विट्याकडचा एक गलाईवाला वर्षातून दोनदा येऊन तो तोलून घेऊन जायचा. सोन्या-चांदीची गलाई करणारी आपल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत बसलेली आहेत. काळ्या गाळातली चांदी त्यांच्याइतकी कोण ओळखणार? जमा झालेला हायपो त्यांच्यातल्या परवानाधारक शुद्धीकरण करणाऱ्यांकडे गेला तर नगरपरिषदेला खर्चाऐवजी थोडी आवकच होईल. घरी कोणी भट्टी लावून हे करू नये, हे वेगळं सांगायला हवं.

बाकी उरलेल्या रसायनांसाठी पुणे जिल्ह्यात रांजणगावला घातक कचऱ्याची सामायिक सोय आहे. वर्षातून एकदा एक टेम्पो गेला तरी पुरे. त्यात फक्त स्टुडिओच्या बाटल्या जायला नकोत. आपला हा उसाचा पट्टा आहे, प्रत्येक घराच्या मागच्या खोलीत तणनाशकाचे आणि कीटकनाशकाचे अर्धवट डबे आहेत. तेही त्याच टेम्पोत जावेत.

माझं मागणं एवढंच. नगरपरिषदेच्या आवारात किंवा तुम्ही ठरवाल तिथे एक बंद, हवेशीर, सिमेंटच्या जमिनीची खोली, महिन्यातून एक वार, आणि तिथे हातमोजे-चष्मा घातलेला, शिकवलेला एक माणूस. घंटागाडीच्या कर्ण्यावर आता ओला कचरा, सुका कचरा हे गाणं लागतं, त्यात ‘रसायनाची बाटली गाडीत देऊ नका, अमुक वारी अमुक ठिकाणी द्या’ एवढं एक वाक्य वाढवा. गाडीवरच्या प्रत्येक कामगाराला बूट द्या आणि पोतं पायाने दाबू नका, हे शिकवा. त्याच्या पायाची किंमत मी पाहिली आहे. पहिल्या वर्षी बाटल्यांची तपासणी करायला रसायनशास्त्राचे तीन-चार निवृत्त शिक्षक मी गोळा करून देते. आम्ही पैसे घेणार नाही.

मीटरने चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून मलकापूरचं नाव राज्याबाहेर गेलं. शेजारच्या कराडने 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशात पहिला नंबर घेतला. कोयना आणि कृष्णा जिथे भेटतात त्या प्रीतिसंगमाच्या वरच्या अंगाला आपण राहतो. आपल्या मोरीतून गेलेलं पाणी पुढे सांगलीकर पितात. हे काम मलकापूरला जमणार नाही, असं म्हणायला मला काहीही कारण दिसत नाही.

तोवर घरोघरच्या वाचकांसाठी दोन ओळी. डोळ्यात किंवा कातडीवर यातलं काही उडालं तर ताबडतोब वाहत्या नळाखाली निदान पंधरा मिनिटं धुवा. चोवीस तासांच्या पाण्याचा याहून चांगला उपयोग नाही. पोटात गेलं तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका, 108 ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना ती बाटली सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर डॉक्टरांना आणि आपल्यालाही रात्रीबेरात्री सल्ला देतं. हा नंबर कपाटाच्या दारावर आतून चिकटवा.

माझ्या घरी एका निळ्या क्रेटमध्ये अकरा बाटल्या आहेत. नऊंवर नाव आणि तारीख आहे, दोनवर ‘ओळख पटलेली नाही’ असं लिहिलं आहे. घट बसायच्या आत जागा आणि वार जाहीर करा. पहिली क्रेट माझी येईल.

आपली,
आगाशिवनगर, मलकापूर येथील एक निवृत्त शिक्षिका